नमूताईंची अमेरिकेतली निवडणूक

नमूताई ओक निवडणुकीची जाहिरात आधी आवाज बंद करून बघायच्या. जाहिरात अमेरिकेतली, बघायची जागा बर्मिंगहॅममधली त्यांची फ्रंट रूम, आणि बघणाऱ्या आम्ही दोघी. त्यांना अमेरिकेत मत नव्हतं. मला तर तेव्हा इंग्रजीही धड येत नव्हतं. तरी त्या मला सेटीवर बसवायच्या, हातात चहाचा मग द्यायच्या आणि रिमोट टेलीवर रोखून म्हणायच्या, "हं, मंदे, बघ आता. बोलतात काय ते नंतर. आधी दाखवतात काय ते बघ."

मी बघायची. कोवळ्या उन्हात एक उंच माणूस कुरणातून चालत यायचा. शेजारी पिवळा कुत्रा. पुढे एक म्हातारी त्याचा हात दोन्ही हातांत धरायची.

"काय दिसलं?"

"कुत्रा."

"शाब्बास. कुत्रा कशाला आणलाय?"

"त्यांचा असेल."

"त्यांचा कसला! भाड्याचा असेल. आता दुसरी बघ."

दुसऱ्या जाहिरातीत एकदम रंग जायचे. एक माणूस तोंड अर्धवट उघडं टाकून अगदी सावकाश मान वळवायचा, पाण्याखाली असल्यासारखा. मी घाबरून विचारलं, "हा वारला का हो ताई?"

नमूताई इतक्या हसल्या की मगमधला चहा पातळावर सांडला. "वारला नाही गं. हा त्या कुत्रेवाल्याच्या विरुद्ध उभा आहे. ह्याला असा मेल्यासारखा दाखवायला कुत्रेवाल्याने पैसे मोजलेत."

मी लग्न होऊन इकडे आले ती ऐंशीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचे हे इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते, आणि नमूताईंचं घर आमच्याच टेरेसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत, दोन दारं सोडून. त्यांचे यजमान हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, ते मी यायच्या आधीच गेले होते. एकुलता एक मुलगा अजित पाच वर्षांचा असताना इकडे आला, इथेच शिकला, मराठी मोडकीतोडकीच राहिली, आणि पुढे अमेरिकेला गेला. तिथलाच झाला, लग्न तिथे, पासपोर्टही तिथला.

अमेरिकेच्या निवडणुकीचं वेड त्यांना अजितपायी लागलं. लोक विचारायचे, "ताई, तुम्हाला काय करायचंय त्या देशाचं?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मुलगी दिली तर सासरची माणसं कशी आहेत बघतो ना आपण? माझा मुलगा गेलाय. मग तिथे कोणाची चालते ते नको बघायला?" त्या अजितला फोनवर सांगून टेलीवरच्या जाहिराती रेकॉर्ड करून मागवायच्या. तिकडच्या कॅसेटी आपल्या मशीनवर चालत नाहीत, नुसत्या रेघा दिसतात. मग सोहो रोडवरच्या एका दुकानात त्या उतरवून घ्यायला आम्ही बसने जायचो. दुकानदार पंजाबी होता. त्याला वाटायचं लग्नाच्या कॅसेटी आहेत. एकदा त्याने विचारलं, "आंटी, दुल्हा किधर है?" नमूताई म्हणाल्या, "दोन आहेत, कुठला घ्यायचा ते ठरायचंय."

तिथल्या दोन पक्षांना त्या गाढववाले आणि हत्तीवाले म्हणायच्या, कारण त्या पक्षांची चित्रंच तशी आहेत. मला वाटायचं त्या कोणातरी एकाच्या बाजूच्या असतील. तसं कधी दिसलं नाही. त्यांना रस एकाच गोष्टीत. पैसे कोणी दिले?

हा प्रश्न त्या सगळीकडे विचारायच्या. आमच्या वॉर्डात कौन्सिलची निवडणूक आली की कोटावर आपापल्या पक्षाच्या रंगाची कापडी फुलं लावलेले लोक दारोदार यायचे. बाकीचे लोक पडद्याआडून बघून गप्प बसायचे. नमूताई सगळ्यांना आत बोलवायच्या, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. चहा द्यायच्या, चिवडा द्यायच्या आणि त्यांचं पत्रक हातात घेऊन अगदी खालची बारीक ओळ आधी वाचायच्या. पत्रक कोणी छापलं ते तिथे लिहिलेलं असतं. एकदा एक गोरा तरुण आला होता, मान लांब, कान लाल. त्याला विचारलं, "ह्याचे पैसे कोणी दिले?"

"पार्टीने."

"पार्टीला कोणी दिले?"

"मेंबर्सनी."

"आणि?"

तो मुलगा चिवड्यातली मिरची चावून बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नमूताईंनी त्याला दूध दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि तो जरा सावरल्यावर पुन्हा विचारलं, "आणि?"

मला सगळं समजावून सांगायची त्यांची पद्धत निराळी होती. अमेरिकेत बंदूकवाल्यांचा संघ असतो, घरं बांधणाऱ्यांचा असतो, मास्तरांचा, डॉक्टरांचा, म्हाताऱ्यांचाही असतो, आणि ते सगळे उमेदवारांच्या मागे उभे राहतात, हे त्या सांगत होत्या. मी म्हटलं, "मग बरंच आहे की. मदत करतात."

"अगं, गेल्या गणपतीत हॉलचं भाडं कोणी दिलं?"

"लेले डॉक्टरांनी."

"आणि त्यांच्या पुतणीचं भरतनाट्यम आपण किती वेळ बघितलं?"

"फार वेळ."

"कोणी म्हणालं का, बाई, आता पुरे कर?"

मला एकदम कळलं. अजून कोणी लॉबी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती पुतणीच घुंगरू वाजवते.

हे लेले डॉक्टर आमच्या मंडळाचे कायमचे अध्यक्ष. विधुर माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. नमूताईंचं आणि त्यांचं कधी पटायचं नाही, आणि एकमेकांशिवाय करमायचंही नाही. "नमूताई, तुम्ही अमेरिकेच्या अध्यक्षाला उभ्या राहा, मी हॉलचं भाडं देतो," असं ते म्हणायचे. नमूताई म्हणायच्या, "नको डॉक्टर, मग मला तुमची पुतणी नाचवावी लागेल."

नव्वदनंतर काही वर्षांनी एका रविवारी नमूताई स्वतः आमच्या दारात आल्या. चपला उलट्या पायांत घातलेल्या. म्हणाल्या, "मंदे, अजित उभा राहतोय." तो राहायचा त्या राज्याच्या विधानसभेची जागा होती. त्याच गावात त्याला बरीच वर्षं झाली होती. शाळेच्या कमिटीवर काम करून लोकांच्या ओळखीचा झाला होता.

त्या दिवसापासून त्यांना एकच इच्छा. मतदानाच्या दिवशी आपण तिथे असावं. अजित मत टाकून बाहेर येईल तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहावं, एवढंच. "त्याचे वडील असते तर गेले असते," म्हणायच्या. विमानाचं तिकीट त्यांनी उन्हाळ्यातच काढून ठेवलं.

पण दर रविवारचा फोन झाला की त्या जरा गप्प व्हायच्या. अजित रोज कित्येक तास एका खोलीत बसून नुसते फोन करायचा. ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांना. पैसे द्या म्हणून. शेजारी एक मुलगी बसायची, तो फोन ठेवायला लागला की पुढचा नंबर लावून द्यायची. "लहानपणी शेजारी वाटीभर साखर मागायला पाठवला तर रडायचा गं," नमूताई म्हणायच्या. "आता मागतोय बघ." शिवाय निरनिराळे संघ त्याला प्रश्न पाठवायचे. बंदुकीबद्दल काय मत, घरांच्या कराबद्दल काय, अमक्या कायद्याला हो म्हणणार की नाही. हो म्हटलं तर मदत, नाही म्हटलं तर तीच मदत समोरच्याला. "द्रौपदीला पाचच सांभाळायचे होते," नमूताई म्हणाल्या. "ह्याला बघ किती."

तेवढ्यात गणपती आले. दीड दिवसाचा मंडळाचा गणपती, शाळेच्या हॉलमध्ये. आरती झाली, प्रसाद झाला, आणि लेले डॉक्टर माइकवर उभे राहिले. म्हणाले, आपल्यातला मुलगा अमेरिकेत निवडणुकीला उभा आहे, हे आपल्या घरचंच कार्य आहे. आणि त्यांनी नमूताईंना पुढे बोलावलं. आम्हा सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. प्रत्येक घराने पाकीट आणलं होतं, लग्नाला आणतात तसं, नोटांवर एक पौंडाचं नाणं ठेवून. सगळी पाकिटं लाल रेशमी कापडात बांधून डॉक्टरांनी नमूताईंच्या हातात दिली आणि फोटो काढला. नमूताईंनी ते गाठोडं छातीशी धरलं. जांभळं पातळ नेसल्या होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी आम्हा कोणालाच वाटलं नाही की ह्यात काही चुकीचं आहे. कार्याला रिकाम्या हाताने जातात का?

इतकी वर्षं पैसे कोणी दिले म्हणून विचारणाऱ्या नमूताईंनाही नाही वाटलं. आहेराला कोणी पैसे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अजितला फोन लावला. मी तिथेच होते, कोथिंबीर निवडत. त्यांनी हौसेने सगळं सांगितलं. मग त्यांचा चेहरा उतरत गेला.

अजित म्हणाला होता, परदेशी माणसाचा एक पौंडसुद्धा निवडणुकीला घ्यायचा नाही असा तिथला कायदा आहे. घेतला तर गुन्हा. "आई, तू पाठवू नको. कोणाला सांगू पण नको."

पण सांगून झालं होतं. लेले डॉक्टरांनी तो फोटो कौतुकाने आपल्या पुतणीला अमेरिकेत पाठवला. तीच नाचणारी, आता तिथे स्थायिक होती. तिने तो तिथल्या मराठी लोकांच्या छापील पत्रकात दिला, "इंग्लंडहून आहेर" असं वर लिहून. तो कसा कोण जाणे समोरच्या उमेदवाराच्या लोकांच्या हाती पडला.

ऑक्टोबरात पुतणीने रडत फोन केला आणि मागोमाग कॅसेट पाठवली. नमूताईंनी ती सोहो रोडवरून उतरवून आणली आणि आमच्यासमोरच लावली. मी होते, आमचे हे होते. सवयीने त्यांनी आवाज बंद केला. पडद्यावर नमूताई आल्या. रंग काढून टाकलेला, जांभळं पातळ काळं झालेलं. गाठोड्यावरचे हात मोठे करून दाखवले होते, सावकाश, अजून मोठे. मग त्यांचा हसरा चेहरा, पण असा की बघून कोणालाही वाटावं ही बाई काहीतरी चोरून नेते आहे.

आमचे हे उठून बाहेर गेले. नमूताईंनी कॅसेट मागे घेऊन पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, "काम चांगलं केलंय हो. हात बघ कसे घेतलेत." आणि पदर तोंडाला लावला.

अजितचा एक पगारी सल्लागार होता. त्याचं म्हणणं आलं की दोन गोष्टी करा. एक, सगळा पैसा ज्याचा त्याला परत गेला असं अजितला छातीठोक सांगता आलं पाहिजे. दुसरी, आईने मतदान होईपर्यंत तिकडे फिरकू नये. कोणी फोटो काढला तर संपलं. नमूताई म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. तिकीट रद्द करते." इतकं साधं म्हणाल्या की मला जास्त वाईट वाटलं.

पैसे परत करणं सोपं नव्हतं. आहेर परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. बातमी पसरली तशी लोक फोनवर बोलायला लागले. "आमच्या घरी काय सुतक आहे, आमचा आहेर चालत नाही?" कोणी म्हणे, "देवळाला देऊन टाका." नमूताई म्हणायच्या, "आणि उद्या विचारलं, पैसे कुठे गेले, तर देवाला साक्षीला उभा करू?"

एक दिवस त्या मला म्हणाल्या, "मंदे, ओटी भरायला येशील माझ्याबरोबर?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. भरल्या ओटीला कोणी नाही म्हणत नाही. तांदूळ, नारळ, खण, आणि वर त्यांचं पाकीट जसंच्या तसं. पण त्या विधवा. त्यांच्या पिढीत विधवेने ओटी भरायची नाही, असं होतं. म्हणून हात माझे हवे होते. मी कोणाच्या दारात उभी राहून बोलणारी बाई नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. "तू बोलू नकोस. बोलायचं मी बघते," म्हणाल्या.

आम्ही नारळांची पिशवी घेऊन बसने बर्मिंगहॅमभर फिरलो. दार उघडलं की घरच्या बाईच्या चेहऱ्यावर राग दिसायचा. मग माझ्या हातातलं ताट दिसायचं आणि पदर आपोआप पुढे यायचा. एका तरुण मुलीने जीन्स घातली होती, तिने जंपर, म्हणजे अंगातला स्वेटरच, पुढे केला. कोणी पाकीट बघून रडलं, कोणी हसलं. एकीने ओटी घेतली आणि मग एक शब्द न बोलता दार लावलं. नमूताई पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, बस येईल."

लेले डॉक्टरांचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. डॉक्टरांनी एप्रन बांधूनच दार उघडलं. मेथी निवडत होते, बोटं हिरवी झालेली. आम्हाला बघून त्यांचा मोठा आवाज आणखी मोठा झाला.

"माझं पाकीट मी घेणार नाही. आधीच सांगतो. आणि ओटी कोणाची भरणार? घरात बाई आहे का?"

"डॉक्टर, ऐका तर."

"काय ऐकू? मी फोटो पाठवला म्हणून पोराचं नुकसान झालं. आता सगळ्या गावाला पाकिटं वाटत फिरताय, म्हणजे लेले मूर्ख हे घरोघरी कळलं."

"मूर्ख काय एकटे तुम्ही? मी गाठोडं छातीशी धरलं की नाही?"

"घरचं कार्य होतं ते!"

"आपल्याला वाटलं. तिथे पैसा दिसला की कुठून आला विचारतात. विचारायलाच हवं. मी नाही विचारत आल्यागेल्याला?"

डॉक्टर खाली बघत राहिले, आपल्या हिरव्या बोटांकडे. मग त्यांनी एप्रनची दोन टोकं धरली आणि पुढे केली.

"भरा."

मी ताट घेऊन पुढे झाले.

"तू नव्हे गं. त्यांनी."

नमूताईंचा हात तांदळापाशी गेला आणि तिथेच थांबला. मी ताट जरा त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनी ओंजळ भरली. तांदूळ एप्रनमध्ये घातले, नारळ ठेवला, पाकीट ठेवलं. खण राहिला होता, तोही ठेवला. डॉक्टर म्हणाले, "ह्याचं मी काय शिवू?"

"पुतणीला पाठवा," नमूताई म्हणाल्या. "पण फोटो काढू नका."

डॉक्टर हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी दारातल्या दारात डोळे पुसले, एप्रन दोन्ही हातांत धरलेला असल्यामुळे खांद्याला. निघताना आम्हाला मेथीची जुडी दिली.

त्याच आठवड्यात, रविवार नसताना, अजितचा फोन आला. मी नमूताईंच्या स्वयंपाकघरात होते. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, सगळ्यांना पोचलं... नाही रे, कोणी रागावलं नाही... अरे, पण तो सल्लागार... मग त्याला पगार कशाला देतोस?... अजित, वेड्यासारखं करू नको." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या.

फोन ठेवून आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "म्हणतो, 'आई, तुझा चूक नाही. तू नाही आली तर त्यांची जाहिरात खरं होईल. तू ये. आणि तोच पातळ नेसून ये.'" त्या मान हलवत राहिल्या. "मतं जातील रे बाबा, म्हटलं. तर म्हणे, 'जाऊ दे.'"

तिकीट रद्द करायचं राहून गेलं होतं की त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

अजित पडला. फार थोड्या मतांनी, असं पुतणीने कळवलं. फोटोमुळे पडला की बंदूकवाल्यांना नाही म्हणाला म्हणून, ह्यावर लेले डॉक्टर आणि आमचे हे बरीच वर्षं वाद घालायचे. नमूताई फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "मत टाकून बाहेर आला आणि माझ्या पाया पडला गं, सगळ्यांसमोर. कॅमेरेवाले होते." सून बाळंत व्हायची होती म्हणून त्या राहिल्या, आणि मग नातवाने सोडलं नाही. इकडचं घर विकलं. पुढे तिथेच वारल्या. मला त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

म्हणून त्यांची शेवटची आठवण माझ्याकडे आहे ती डिगबेथच्या कोच स्टेशनवरचीच, त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हाची. त्या दिवशी हीथ्रो विमानतळाचा कोच भरलेला होता. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, जांभळ्या पातळावर जाड कोट. शेजारी एक म्हातारा इंग्रज, टोपी मांडीवर ठेवून. मी काचेतून हात करत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पर्समधून अजितचा फोटो असलेलं पत्रक काढून त्या माणसाच्या हातात दिलं होतं, आणि फोटोवर बोट ठेवून त्याला काहीतरी जीव तोडून पटवून देत होत्या. त्या माणसाला तिथे मत असण्याची काही शक्यता नव्हती. तो चष्मा चढवून पत्रक वाचत होता आणि मान डोलवत होता. कोच वळला तरी त्या बोलतच होत्या.